जनाना चमनाची राखण

अणदूरच्या शिवारात गुरुसिद्धप्पाच्या मळ्याला मेंदीचं जुनं कुंपण होतं. त्यातली काही ओली फाटी कलमांसाठी मागून आणावीत, एवढंच काम काढून शिवशरण त्या दिवशी सकाळी घराबाहेर पडला होता. थंडी सरत आली होती, शाळू काढणीला आला होता, आणि सडकेच्या दोन्ही अंगांना पाखरं हाकणाऱ्यांच्या आरोळ्या ऐकू येत होत्या. गुरुसिद्धप्पानं फाटी तोडून दिली, वर गूळ-शेंगा खायला लावल्या.

“दारोगा, त्या बागेत पुन्हा फुलं आणणार म्हंता,” तो म्हणाला, “पर बघणार कोण तिथं?”

“कॉलेजची पोरं बघतील की.”

“पोरं यायला अजून लई अवकाश हाय.”

फाट्यांचा भारा ओल्या पोत्यात गुंडाळून शिवशरण परत निघाला.

निजामीतली गोष्ट. सडकेपासून आत, चिंचांच्या दुहेरी रांगेच्या टोकाला, हैदराबादच्या एका राजेसाहेबांची कोठी होती. घराणं दरबारात मोठ्या हुद्द्यावरचं, बोलणंचालणं सगळं उर्दूत, आणि हा मुलूख त्यांना जहागिरीत मिळालेला. राजेसाहेब वारल्यावर कोठी कित्येक वर्षं ओसाड पडली. मग त्यांच्या नातवानं ती आणि भोवतालची सगळी जमीन शेतकी कॉलेजासाठी देऊन टाकली. देताना अट एकच घातली. कोठीमागचा जनाना चमन, म्हणजे घरातल्या बायकांसाठी चहूबाजूंनी भिंत घालून केलेली बाग, होती तशी राखायची.

ते राखायचं काम शिवशरणकडं आलं. तो उमरग्याचा, लिंगायत घरातला. हैदराबादेत सरकारी बागांत उमेदवारी करून हात तयार झालेला. बागेचा दारोगा म्हणून त्याची नेमणूक झाली आणि चमनाच्या भिंतीपलीकडचं माळ्याचं जुनं घर त्याला राहायला मिळालं. बायको महानंदा बरोबर आली. आदल्या साली तिचं पहिलं मूल जन्मून डोळे न उघडताच गेलं होतं. उमरग्याच्या गल्लीत निदान शेजारणी होत्या, कन्नडमध्ये चार शब्द बोलायला जावा होत्या. इथं दिवसभर चिंचांवरचे कावळे आणि वारा.

शिवशरणला मात्र कामानं झपाटलं होतं. तो आला तेव्हा चमनात छातीएवढं गवत होतं. पहार टोचत टोचत तो एकेक हात पुढं सरकायचा. खालून दगडाचा आवाज आला की तिथं खुंटी मारायची, सुतळी ताणायची, आणि गवत सोलून काढायचं. अशी एकेक फरसबंदी वाट त्यानं मातीतून वर काढली. मधोमध हौद निघाला. बारवेवरून हौदाकडं येणारे खापराचे नळ निघाले. बकुळीच्या वाळलेल्या खोडाला खालून फूट आणली. कधी कधी संध्याकाळी तो कुदळीला टेकून उभा राहायचा आणि मनाशी म्हणायचा, होती तशी म्हणजे कुणाच्या वेळची? बाग काही दगडाचं देऊळ नव्हे. ती रोज बदलते. मग कुठल्या तरी एका दिवसाशी तिला थांबवायचं, तर तो दिवस कुणाचा? शेवटी त्यानं राणीसाहेबांचा काळ धरला, कारण बाग त्यांनीच लावलेली. कोठीच्या अंगणात झाडलोट करणारी द्वारकाबाई लहानपणी आईबरोबर त्या चमनात कामाला होती. चमेलीचा मांडव कुठं होता, झोपाळा कुठल्या फांदीला होता, हे ती हौसेनं दाखवायची. “दारोगा, राणीसाहेब बघतील तर खूश हुतील,” म्हणायची.

तर त्या दिवशी मेंदीची फाटी घेऊन तो घरी आला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. महानंदा दारातच बसली होती. मूल गेल्यापासून तिनं केस नीट विंचरले नव्हते. नुसती गाठ मारून ठेवायची. आज तिची पेडापेडाची घट्ट वेणी घातलेली होती, वेणीत चमेलीच्या कळ्या होत्या, आणि ती हसत होती.

“कुणी घातली गं?”

“बायांनी.”

“कुठल्या बायांनी?”

“बागेतल्या. लई मायाळू हायेत. मला मधी बसवून घेत्यात.”

खुरपणीला अणदूरच्या बायका येत होत्या, त्यांच्यातल्याच कुणी असतील असं त्याला वाटलं. बायको हसली याचाच त्याला इतका आनंद झाला, की आपण लावलेल्या चमेलीला अजून पालवीसुद्धा धड फुटलेली नाही हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं ते तसंच बाजूला सारलं.

फाल्गुनात हौदाला नवा चुना झाला आणि बारवेचं पाणी पुन्हा नळांतून हौदात पडलं. त्या दिवसापासून बाग जुळून आल्यासारखी झाली. दुसरा शब्द शिवशरणला सुचत नव्हता. नुसतं गवत काढून जागा साफ दिसते, तसं ते नव्हतं. भर दुपारी, माणसं भाकरी खाऊन चिंचेखाली आडवी झाली की भिंतीपलीकडून हलक्या आवाजात बोलणं ऐकू यायचं. पुष्कळ बायका एकदम, पण दबक्या सुरात. तो फाटकाशी गेला की बोलणं थांबायचं. आत कुणी नसायचं. हौदाच्या एका अंगाला गवत मात्र दबलेलं असायचं, सतरंजी उचलून नेल्यावर दिसतं तसं, आणि हवेत उदाचा वास असायचा. सकाळी वाटा झाडलेल्या सापडायच्या. त्यानं द्वारकाबाईला शाबासकी दिली, तर ती नुसती त्याच्याकडं बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती चमनात यायची बंद झाली.

एका संध्याकाळी कॉलेजचे मुख्य मुनीरुद्दीन साहेब त्याला चिंचांच्या रांगेत भेटले. कोठीच्या पुढच्या बाजूला ते एकटेच राहत. शांत, अदबशीर माणूस. थोडं इकडचं तिकडचं बोलून ते म्हणाले, “शिवशरण, तुमच्या घरी पाहुण्या आल्यात का?”

“न्हाय, साहेब.”

“मग… आज दोपहरला मी चमन बघायला गेलो होतो. हौदाजवळ बायका बसल्या होत्या. तुमची बीबी बीचमें. मी खाकरलो आणि मागं फिरलो. जनान्यात एकदम कसं शिरायचं?”

“किती जणी होत्या, साहेब?”

“मोजणं बरं नाही दिसत.” त्यांनी टोपी सारखी केली. “लई होत्या. एकीनंही मागं वळून बघितलं नाही… मी खाकरलो तरी.”

शिवशरण चिंचांखालून तडक घरी आला. महानंदा ओसरीवर होती. चूल पेटलेली नव्हती.

“आ गए आप?” ती म्हणाली. “जरा आराम फर्माइए.”

तो जागच्या जागी उभा राहिला. महानंदाला कन्नड यायचं आणि मराठी यायचं. उर्दूचा एक शब्द तिच्या तोंडून त्यानं कधी ऐकला नव्हता. आणि आत्ता बोलताना तिचा सूर असा होता, की जन्मभर कुठल्या मोठ्या घरात पडद्याआड बोलत आली असावी.

“महानंदा… हे कुठं शिकलीस?”

“काय?” तिनं मराठीत विचारलं. तिला खरोखरच कळलं नव्हतं.

“सैपाक?”

“मला भूक न्हाय. मी खाऊन आले.”

“कुठं खाल्लंस?”

ती हसली आणि चमनाच्या भिंतीकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळची कामं उरकून तो द्वारकाबाईच्या झोपडीत गेला. ती दारात सूप घेऊन बसली होती. त्याला बघताच तिनं सूप खाली ठेवलं.

“मावशी, तुम्ही बागेत का येईनात?”

तिनं आधी वाटेकडं बघून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, “मला हाक आली, दारोगा. ‘दुरके’ म्हणून. लहानपणी राणीसाहेब मला दुरकी म्हणायच्या. आता त्या नावानं मला हाक मारणारं जितं माणूस कुणी न्हाय.”

“कोण हायेत त्या, मावशी? माझी बायको रोज जाऊन बसतीया त्यांच्यात.”

मग तिनं सांगितलं. तिच्या लहानपणी पटकी आली होती. गावं ओस पडली. त्या वक्ताला राणीसाहेब, त्यांच्या जावा, नणंदा, सोबतीला ठेवलेल्या बायका, सगळ्या कोठीवर होत्या. एकीला लागण झाली. राजेसाहेबांनी बाकीच्या घराला रोग लागू नये म्हणून सगळा जनाना चमनात घातला आणि फाटकाला बाहेरून कुलूप लावलं. शिधा भिंतीवरून दोरानं आत सोडायचे.

“मी बी आत होते आईसंगं. आईनं मला रातोरात भिंतीवरनं बाहेर ढकललं, म्हणून वाचले; पुढचं भिंतीला कान लावून ऐकलं. आत लई हाल झाले, दारोगा. पर राणीसाहेबांचा हुकूम व्हता. विस्कटल्या केसांनी कुणी जायचं न्हाय. जिला लागण व्हायची, तिला समद्या मधी घ्यायच्या. तिची वेणी घालायच्या, फुलं माळायच्या. मग ती जायची. शेवटाला राणीसाहेब एकट्या उरल्या. त्यांची वेणी घालायला…”

तिनं खाली ठेवलेलं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

“मावशी,” शिवशरण म्हणाला, “महानंदाची वेणी घातली त्यांनी.”

द्वारकाबाईनं तोंडावर हात घेतला. “आज ती कुठं हाय?”

तो पळत सुटला. झोपडी गावच्या अंगाला, कोठी बरीच लांब. चिंचांखालून धावताना त्याला स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. घराचं दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं. ऊन आता पुरतं डोक्यावर आलं होतं, सावल्या पायाखाली शिरल्या होत्या. चमनाचं फाटक लोटून तो आत गेला.

इतकी सुंदर बाग त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती. स्वतःच राखलेली, तरी पाहिली नव्हती. मांडवावर चमेली फुलून पांढरी झाली होती. बकुळीखाली सडा होता. हौदातलं पाणी काठोकाठ भरून थरथरत होतं, आणि कुठंही पाखराचा आवाज नव्हता.

महानंदा हौदाच्या कडेला पाण्यात पाय सोडून बसली होती. तिची पाठ त्याच्याकडं होती. कडेच्या दगडावर तिचं इष्टलिंग, चांदीच्या डबीसकट, दोरा गुंडाळून नीट ठेवलेलं होतं. लहानपणी गळ्यात पडलेलं लिंग बाई अंगावेगळं करत नाही. ते तिच्याबरोबरच मातीत जातं.

आणि तिचे केस हलत होते.

वारा नव्हता. मोकळे सोडलेले केस तीन पेडांत वेगळे झाले होते. एक पेड उचलला जाई, दुसऱ्यावरून जाई, खालून येई, आणि हलकेच ओढून घट्ट होई. पुन्हा दुसरा. कुणाचे हात दिसत नव्हते. महानंदाचं डोकं मात्र प्रत्येक ओढीसरशी किंचित मागं येत होतं, आईपुढं बसलेल्या मुलीचं येतं तसं. तिच्याभोवती गवत दबलेलं होतं. गोल करून कुणी बसावं तसं, चहूकडं.

“महानंदा…”

वेणी क्षणभर थांबली. मग पुन्हा सुरू झाली. अर्धी पाठ उतरून झाली होती.

त्यानं लिंग उचलून तिच्या मुठीत दिलं. मूठ मिटेना. हात गार होता. त्यानं तिला खांद्यांना धरून ओढलं, तर ती जमिनीत रुजलेल्या झाडासारखी हलेना. त्याला रडू आलं. तिथं त्या रडण्यातच त्याला उमगलं, की हे सगळं आपण केलंय. एकेक दगड हुडकून, सुतळी लावून, कुठं काय होतं ते विचारून विचारून आपण ही जागा त्यांच्यासाठी मांडून ठेवली. कसर एवढीशी ठेवली नाही. होती तशी म्हणता म्हणता ती तशीच झाली, आणि जागा तशी झाल्यावर माणसं का येणार नाहीत?

मेंदीच्या ओळीशी कुदळ पडली होती. ती घेऊन तो हौदावर तुटून पडला. आपल्याच हातानं घोटलेला चुना, आपणच बसवलेली कड. पहिला घाव घालताना हात कचरला, मग कचरला नाही. कड फुटली. पाणी भसकन बाहेर आलं आणि गवतातून, वाटांवरून पसरत गेलं. त्यानं वाटेतले दोन-चार दगड उखडले, मेंदीची ओळ मुळासकट उपटली, मांडवाचा खांब आडवा केला. मागं कुणीतरी, कुणी नव्हे तर पुष्कळ जणींनी, एकदम श्वास आत घेतला. त्यात राग नव्हता. पुढं आयुष्यभर त्याला तेच आठवत राहिलं, की त्यात राग नव्हता. बसल्या जागेवरून उठवलेल्या माणसांचा असतो तसा तो आवाज होता.

वेणी सुटली. केस पाठीवर पसरले. महानंदा त्याच्या अंगावर कलंडली आणि डोळे न उघडता पुटपुटली, “नीरू… नीरू कोडी…” आपल्या माहेरच्या कन्नडमध्ये ती पाणी मागत होती.

तो तिला उचलून बाहेर आला. मांडवावर एकही फूल नव्हतं. नुसत्या काटक्या.

महानंदाला त्याच रात्री ताप चढला, आणि ती त्यातून उठेपर्यंत त्यानं घर सोडलं नाही. मग मुनीरुद्दीन साहेबांना भेटून सगळं सांगितलं आणि म्हणाला, “साहेब, त्या चमनात नांगर घालू द्या. अट मोडल्याचा ठपका माझ्यावर येऊ द्या, नोकरी गेली तरी चालेल.”

साहेबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “कुलूप लावून बाग राखली होती एकदा,” ते म्हणाले. “नांगर घाला. मी बघतो पुढचं.”

शिवशरणनं वाटांचे दगड मात्र काढले नाहीत. त्यांच्यावर हातभर माती ओढली, बुडाशी काही तरी राहू द्यावं म्हणून. नांगराला वळायला जागा लागत होती, तेव्हा घराच्या बाजूची भिंत पाडली आणि शेत थेट घराच्या पायरीपर्यंत आलं. नांगराचं पहिलं तास पडलं त्या दिवशी द्वारकाबाई पडक्या भिंतीशी येऊन बसली आणि पदरानं डोळे पुसत राहिली.

“मावशी, आता सुटल्या की त्या.”

“सुटल्या व्हय?” ती म्हणाली. “तेवढी एक जागा व्हती त्यांना, दारोगा. आता कुठं बसतील?”

शिवशरणनं पुढच्या तासासाठी बैल वळवले.

दिवस गेले. महानंदा सुधारली. त्या दुपारचं तिला काही आठवत नव्हतं आणि त्यानं आठवण करून दिली नाही. तिला मुलगी झाली, ती जगली, रांगली, चालू लागली. कॉलेजची पोरं आली. रझाकारांचे वाईट दिवस आले आणि गेले, निजामी गेली, मुनीरुद्दीन साहेबांची बदली झाली. दरसाल त्या जागेवर शाळू पेरला जात होता आणि चांगला येत होता.

निजामी गेल्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. खंडोबाची मूर्ती दरसालप्रमाणे अणदूरहून नळदुर्गला गेली होती ते दिवस. शिवशरण कोठीच्या गच्चीवर चालू असलेली डागडुजी बघायला चढला होता. सहज त्याची नजर मागं गेली. पाऊस कमी झाल्यानं शाळूला यंदा पाण्याचा ताण बसला होता. हिरव्या शेतात पिवळ्या, खुरटलेल्या धाटांच्या सरळ रेघा उमटल्या होत्या. चमनाच्या सगळ्या वाटा, मधला हौदाचा चौकोन, सगळं जसंच्या तसं. लगेच त्यानं स्वतःला समजावलं. खाली दगड आहे, ओल धरत नाही, पीक पिवळं पडणारच. कुणालाही सांगता येईल असं कारण होतं.

मग त्याला आणखी एक रेघ दिसली.

ती चमनाच्या नकाशात कधीच नव्हती. हौदाच्या जागेवरून निघून, पाडलेल्या भिंतीची खूण ओलांडून, ती सरळ त्याच्या घराकडं आली होती.

पहार घेऊन तो खाली उतरला. हौदाच्या टोकाकडून टोचत सुरुवात केली. दगड लागला नाही. तिकडची माती भुसभुशीत होती, पहार अलगद आत गेली. घराकडं येत गेला तशी जमीन कठीण होत गेली. दर साल नांगर अगदी पायरीपर्यंत फिरत होता, तरी पायरीपाशी पहार खणकन वाजून हातात उसळली. त्यानं गुडघ्यावर बसून माती खरवडली. खालीही दगड नव्हता. मातीच होती, वर्षानुवर्षं पायांनी तुडवून गुळगुळीत झालेली. वाट जुनी होती ती घराच्या टोकाला. बागेकडं जाता जाता ती नवी होत गेली होती. म्हणजे चालणाऱ्या इतकी वर्षं घरातूनच निघत होत्या.

आत महानंदा मुलीला न्हाऊ घालत होती. पाण्याचा आवाज येत होता. शिवशरण पायरीवर बसून राहिला. त्याच्यासमोर त्या पिवळ्या पट्टीच्या दोन्ही बाजूंची धाटं बाहेर कललेली होती, जाणाऱ्याच्या अंगाला पातं लागू नये म्हणून कुणी दोन्ही हातांनी सारून धरावीत तशी. वारा पडला होता. ती हळूहळू, एकेक करत, परत सरळ होत होती.